माळ्याचे नाव

आषाढी एकादशीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून संतांच्या पालख्या पंढरीला येतात. आळंदीहून ज्ञानोबा येतात, देहूहून तुकोबा येतात. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, पैठणहून नाथ महाराज, मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाई येतात. या मांदियाळीत अरणचे सावता महाराज मात्र नसतात. त्यांची पालखी पंढरीला येत नाही. उलट एकादशीचा सोहळा आटोपला, पौर्णिमेचा काला झाला, की आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला जाते.

देव भक्ताच्या भेटीला जातो, असे आपण कीर्तनात ऐकतो आणि टाळ वाजवून मोकळे होतो. पण देव नेमका जातो कुठे, हेही एकदा पाहावे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात तो एका माळ्याच्या गावी जातो. ज्याने आयुष्यभर मोट हाकली, वाफे भिजवले, तण काढले आणि भाजी पिकवली, अशा माणसाच्या मळ्यात जातो. बागांचा इतिहास वाचताना ही प्रथा डोळ्यांपुढे ठेवली, तर त्या इतिहासात जे सहसा लिहिले जात नाही ते दिसू लागते. जगात बागा पुष्कळ झाल्या. त्या लावणाऱ्या राजांची आणि राण्यांची नावे राहिली. ज्यांच्या हातांनी त्या फुलल्या, त्या माळ्यांची नावे कुठे आहेत?

आपल्या महाराष्ट्रातल्याच बागा घेऊ. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सगळ्यांना माहीत आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ तिचा मुलगा आझमशहा याने सतराव्या शतकात तो बांधवला. इमारतीइतकीच तिथली बाग महत्त्वाची आहे. ती चारबाग पद्धतीची आहे. वाहत्या पाण्याचे पाट आणि सरळ वाटा यांनी बागेचे चार भाग पाडायचे, मध्यभागी मुख्य वास्तू ठेवायची, ही रीत इराणातून मोगलांबरोबर हिंदुस्थानात आली. रुक्ष प्रदेशातून आलेल्या माणसांना वाहते पाणी आणि सावली म्हणजे स्वर्गच वाटे. म्हणून त्यांनी आपल्या मृतांसाठीही बागच निवडली. भिंतींवरच्या चुन्याच्या नक्षीत आणि संगमरवरी जाळ्यांतही त्यांनी फुले कोरली. बाग सुकली तरी ती फुले सुकत नाहीत.

या मकबऱ्याच्या दारावर दोन नावे कोरलेली आहेत. रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. हे मोठेपणच म्हणायचे, कारण त्या काळी कारागिरांची नावे सहसा लिहीत नसत. पण ज्यांनी त्या पाटांतला गाळ उपसला, वाफ्यांना पाणी दिले, उन्हाळ्यात रोपे जगवली, त्यांचे नाव त्या दारावर नाही.

पुढे पुण्यात पेशव्यांनी बागा केल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, हिराबाग झाली. तळ्यातल्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. विसाव्या शतकात तळ्याच्या जागी आजची सारसबाग झाली. तिथे संध्याकाळी मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात, आणि तळ्यातला गणपती आता बागेतला गणपती झाला आहे.

त्यानंतर इंग्रज आले. मुंबईत भायखळ्याला १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन सुरू झाले. त्यालाच लोक राणीची बाग म्हणू लागले. आज त्याचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचे नावही त्याच राणीवरून पडले, कारण ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवली गेली होती. या बागांनी एक नवीन गोष्ट आणली, हे मान्य केले पाहिजे. बाग ही आता केवळ सरदारांच्या विरंगुळ्याची जागा राहिली नाही, सामान्य माणूस तिच्यात पाऊल टाकू लागला. बाग ही पाहून शिकण्याचीही जागा झाली. निरनिराळ्या देशांतली झाडे एकत्र लावायची, त्यांची ओळख करून द्यायची, विद्यार्थ्याने झाडाखाली उभे राहून पान आणि फूल निरखायचे, असा तो विचार होता. राणीच्या बागेच्या आवारातच १८७२ साली संग्रहालय उभे राहिले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. बाग आणि संग्रहालय शेजारी शेजारी असावीत, म्हणजे एकाच फेरीत मुलाला निसर्गही कळेल आणि माणसाची कलाही कळेल, ही दृष्टी मोठी आहे.

पण नावे पाहा. बेगमेची बाग, पेशव्यांची बाग, राणीची बाग. आपण राणीचे नाव काढून आपल्या जिजाऊंचे नाव दिले, हे योग्यच केले. तरी नावाच्या पाटीवर माळी आलाच नाही.

आता अरणकडे वळू.

सावता महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५०, असा परंपरेने मानला जातो. शके १२१७, म्हणजे १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरी मळा. ते ज्ञानदेव आणि नामदेव यांचे समकालीन होते. पंढरपूर काही फार लांब नव्हते. तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. यात वारीचा अनादर नाही. मळ्याला सुट्टी नसते, हे ज्याने भाजीपाला केला आहे त्याला सांगावे लागत नाही. ज्वारी पेरून चार दिवस गावाला जाता येते. कोथिंबिरीचे तसे नाही. तिला एक पाळी पाणी चुकले की ती मान टाकते. वांग्याला कीड लागली तर ती एकादशी पाहून लागत नाही. माळ्याचे काम रोजचे असते, आणि जे रोज करावे लागते त्यालाच आपण नेम म्हणतो. सावतोबांनी नेम सोडला नाही. त्यांचा नेम मळ्यातला होता, इतकेच.

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा, भाजी, लसूण, कोथिंबीर ही सगळी विठ्ठलरूप झाली आहेत. मोट, नाडा, विहीर, दोरी हीसुद्धा त्यात येतात. आपण हा अभंग लहानपणापासून म्हणतो, त्यामुळे त्यातले नवल जाणवेनासे झाले आहे. जुन्या काव्यांत बाग आली की अशोक येतो, बकुळ येतो, कमळे येतात, कोकिळा येते, मलयगिरीचा वारा येतो. ती बाग पाहणाऱ्याची असते. सावतोबांच्या अभंगात आलेली बाग राबणाऱ्याची आहे. तिच्यात कांद्याचा वास आहे आणि ओल्या नाड्याचा हाताला बसलेला काच आहे. मराठी कवितेत घाम गाळणाऱ्याचा मळा इतक्या थाटात प्रथम आला तो इथे, आणि तोही देवाचे रूप घेऊन.

या अभंगात एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे अभ्यासू वारकऱ्याने अवश्य लक्ष द्यावे. आज आपण तो म्हणतो तेव्हा त्यात मिरचीही येते. मिरची हे मूळचे अमेरिकेतले पीक. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या काळात मिरची आपल्याकडे आली. सावतोबा त्याआधी दोनशे वर्षे समाधिस्थ झाले होते. म्हणजे त्यांच्या मळ्यात मिरची असणे शक्य नाही. तो शब्द पुढच्या गाणाऱ्यांच्या तोंडून अभंगात आला. हे ऐकून कोणी दचकू नये. अभंग खोटा ठरत नाही, उलट तो किती जिवंत राहिला हे त्यातून कळते. मळ्यात नवे पीक आले, तसे ते अभंगातही आले. गाणारा शेतकरी होता. त्याने आपल्या वाफ्यात जे पाहिले, त्यालाही हरिरूप दिले. सावतोबांनी वाट अशी घालून दिली होती की तिच्यावर परदेशी मिरचीलाही जागा मिळाली. जुन्या बिया आणि नवी रोपे एकाच पाटाच्या पाण्यावर वाढावीत, तसे हे आहे.

पण मुळात हे नाव आणि हे अभंग आपल्यापर्यंत आले कसे? सावतोबांचे सदतीस अभंग आज उपलब्ध आहेत. ते मंगळवेढ्याला किंवा पंढरीला बसून रचलेले नाहीत. काम करता करता मुखातून निघालेले ते शब्द काशिबा गुरव यांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते. या काशिबांना आपण पुरेसे आठवत नाही. देवळाशी नाते असलेला हा माणूस मळ्यात येऊन बसला, आणि माळ्याचे बोलणे लिहून ठेवण्याजोगे आहे असे त्याला वाटले. बीबी का मकबऱ्याच्या दारावर जे झाले नाही, ते अरणच्या बांधावर त्याआधी साडेतीनशे वर्षे झाले. माळ्याचे नाव टिकले, कारण माळी गायला आणि कोणीतरी ते लिहिले. दोन्हींपैकी एक नसते, तर अरणला आज पालखी गेली नसती.

त्याच काळात, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माउलींनी गीतेचा अर्थ सांगताना मोठमोठ्या उपमा दिल्या, पण बाराव्या अध्यायात अर्जुनाला कर्तेपणाचा अभिमान सोडायला सांगताना त्यांना माळीच आठवला. माळी जिकडे नेईल तिकडे पाणी मुकाट्याने जाते, तसे हो, असा त्या ओवीचा भाव आहे. ज्याने मळ्यात दारे धरले आहे त्यालाच या उपमेची खोली कळेल. मोटेचे पाणी थारोळ्यात पडते, पाटाने वाहते. माणूस खोऱ्याने एका वाफ्याचे तोंड बुजवतो, दुसऱ्याचे उघडतो. पाणी मिरीला जाऊ की मेथीला जाऊ असे विचारत नाही. उसाला गोड आणि कारल्याला कडू होण्यासाठी तेच पाणी जाते, आणि स्वतः मात्र काही होत नाही. त्याच अध्यायात पुढे झाडाचीही गोष्ट येते. तोडायला आलेला आणि लावायला आलेला, दोघांना झाड सारखीच सावली देते. समदृष्टी म्हणजे काय, हे सांगायला माउलींना सिंहासन लागले नाही. शेताच्या बांधावरचे झाड पुरले.

तेव्हा बागेचे शैक्षणिक महत्त्व म्हणतात ते आपल्याकडे असे आले आहे. गीतेचे तत्त्वज्ञान मराठी माणसाला कळावे म्हणून मळा हीच शाळा झाली. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाने पाट पाहिला होता. त्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही.

मात्र इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाटाच्या पाण्याची उपमा घेऊन ज्ञान मळ्यात आले, पण पाटाच्या कडेला उभा असलेला माळ्याचा मुलगा शाळेत गेला का? सहाशे वर्षे गेली तरी या प्रश्नाचे उत्तर फारसे बदलले नव्हते.

महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. साताऱ्याकडच्या कटगुणहून हे कुटुंब पुण्याकडे आले. पेशव्यांच्या दरबाराला फुले, हार, गजरे पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्या कामावरून फुले हे आडनाव रूढ झाले. पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन बागेसाठी इनाम दिली होती. ती पुढे थोरल्या भावाकडे गेली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी स्वतःच्या कष्टाने फुलांचा आणि भाजीचा धंदा केला. मघाशी हिराबागेचे नाव घेतले, तेव्हा माळ्यांची नावे कुठे गेली असे आपण म्हटले होते. त्या काळच्या पुण्यातल्या फुलांमागचे एक नाव हे असे आडनाव होऊन टिकले.

जोतीराव लहानपणी शाळेत जात होते. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. मुलगा दिवसभर काम करी आणि रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसे. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी ते पाहिले, गोविंदरावांना समजावले, आणि १८४१ च्या सुमारास मुलगा पुन्हा शाळेत गेला. काशिबांनी मळ्यातला शब्द लिहून घेतला होता. या दोघांनी मळ्यातला मुलगाच फळ्यापर्यंत पोहोचवला. पुढे १८४८ साली पुण्यात त्या मुलाने आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह १८५४ साली निघाला. त्याचे नाव 'काव्यफुले'. त्यात जाई आहे, चाफा आहे, गुलाब आहे. ज्या घरात फुले विकून चूल पेटत असे, त्या घरातल्या बाईने फुलांवर कविता लिहिली. ज्यांनी बागेत राबावे आणि दुसऱ्यांनी तिचे सौंदर्य भोगावे, ही वाटणी तिथे मोडली.

जोतीरावांची वाट वारकऱ्यांच्या वाटेहून निराळी होती, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कामाच्या प्रतिष्ठेच्या बाबतीत अरण आणि पुणे जवळ येतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले. मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, इतिहास-भूगोल यावा, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही मिळावे. शेतीचे धडे द्यायचे तर जोडीला लहानसे आदर्श शेत असावे, मुलांना तिथे प्रत्यक्ष काम करून शिकता यावे, अशी त्यांची मागणी होती. त्यांनी स्वतः मांजरीला जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्येही जमीन, पाणी आणि विद्या या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरूनच येतात.

म्हणजे विचार केला तर शाळेची बाग ही शोभेसाठी नाही. फाटकाजवळ चार कुंड्या ठेवून त्यांना गेरू लावला, की शाळेला बाग आहे असे आपण म्हणतो. जोतीरावांना हवे होते ते वेगळे होते. ज्या मुलाचे हात मातीत आहेत, त्याच्या हाताला अक्षर मिळावे. ज्या मुलाच्या हाती अक्षर आले आहे, त्याने मातीला हात लावायला लाजू नये. दुसरी गोष्ट आज पहिलीइतकीच अवघड झाली आहे.

पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जायकवाडीचे धरण झाल्यावर ते उभारले गेले. नाव माउलींचे, गाव नाथांचे, शेजारी एवढे मोठे पाणी. सहली येत, कारंजी पाहायला गर्दी होई. मधली बरीच वर्षे मात्र त्या बागेची दुरवस्था झाली. यात कोणा एकाला बोल लावण्याचे कारण नाही. यातून कळते ते इतकेच, की बागेला संताचे नाव दिले आणि धरणाचे पाणी जवळ असले, तरी दारे धरणारा रोज हवा. देऊळ दोन वर्षे बंद राहिले तरी दगड जागेवर राहतो, ग्रंथ दहा वर्षे बासनात राहिला तरी उघडून वाचता येतो. बाग एक उन्हाळाही वाट पाहत नाही. माणसाने उभारलेल्या सगळ्या कलाकृतींत हीच एक अशी आहे की जी दररोज नव्याने करावी लागते. म्हणूनच तिच्या बाबतीत ती लावणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, मान ती जगवणाऱ्याचा आहे.

वाचकहो, आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळी हा शब्दच माळेवरून आला आहे. दिंडीत आपल्या माय-बहिणी डोक्यावर तुळस घेऊन चालतात, आणि पालखीतळावर आधी तुळशीला पाणी घालून मग स्वतः पाणी पितात. ही चालती बागच आहे. पांडुरंगाच्या गळ्यातला तुळशीहारही कुणाच्या तरी वाफ्यातून येतो. पहाटे मंजिऱ्या खुडणाऱ्या त्या हातांचे नाव आपल्याला माहीत नसते.

तेव्हा फार मोठे काही करायला नको. आपल्या गावच्या किंवा पेठेतल्या बागेत जाऊन एकदा पाटी वाचावी. उद्घाटनाची तारीख असेल, मान्यवरांची नावे असतील. मग तिथे नळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाजवळ जावे. तो बहुधा ठेकेदाराकडे रोजावर असेल. त्याला त्याचे नाव विचारावे, कोणते झाड काय आहे तेही विचारावे. तो सांगेल. त्या झाडांची जेवढी माहिती त्याला असते तेवढी पाटीवर नावे असलेल्यांना नसते. जमले तर ती माहिती मुलांकडून वहीत लिहून घ्यावी, झाडाच्या नावाखाली सांगणाऱ्याचेही नाव घालावे. काशिबा गुरवांनी याहून वेगळे काय केले होते?